सात विहिरी, चौदा सुया

"आबाराव, कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. हाडबीड काय न्हाय त्याच्या घशात."

कोंडिबा धनगर फाटकाबाहेरूनच बोलला. मेंढरं रस्त्यातली धूळ हुंगत उभी होती. चित्री, त्याची ठिपक्यांची कुत्री, एरवी टायगरला बघून एकदा तरी गुरगुरायची. आज ती शेपूट पायात घालून मेंढरांच्या आड झाली.

टायगर म्हणजे आबाराव चेअरमनचं अल्सेशियन. सोसायटी हातात आल्यावर आबारावांनी जीप आणली, गॉगल आणला आणि सोलापूरहून हे कुत्रं आणलं. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात सारं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. खडीवरच्या बायांसाठी आलेली सुकडी हे कुत्रं दुधात कालवून खात होतं. कोणी त्याला टायग्या म्हटलं तर आबाराव ताबडतोब चूक सुधारायचे. माणसांची नावं मात्र त्यांच्या ध्यानात राहत नसत.

आज टायगर गोठ्याच्या खांबाला बांधलेला होता. जबडा लोंबत होता. लाळेची तार जमिनीला टेकली होती. भुंकायला गेला की घोगरा, फाटका आवाज निघायचा. पाण्यात तोंड घालायचा, पण घोट काही खाली उतरत नव्हता.

"हाड न्हाय तर मग काय झालंय?" आबाराव म्हणाले.

"पिसाळलंय."

"पिसाळत्यात ती तुमची गावठी. ह्याच्या आईबापाची नावं कागदावर लिवलेली हायेत. तुला तुझ्या आज्ज्याचं नाव तरी ठावं हाय का?"

"आज्ज्याचंबी ठावं हाय, आन ही लाळबी ठावी हाय. मागल्या साली म्या बघितलीया."

मागल्या साली कोंडिबाच्या बायकोला, मालनला, असंच एक कुत्रं चावलं होतं. कोंडिबा तिला घेऊन ह्याच फाटकाशी आला होता, बार्शीच्या दवाखान्यापर्यंत जीप मिळंल का विचारायला. आबाराव तेव्हा सुपारी कातरत म्हणाले होते, "दवाखान्यात काय ठेवलंय? सात विहिरींत तोंड बघायला लाव तिला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालतं." चेअरमन सांगतोय म्हटल्यावर कोंडिबानं ऐकलं. तेव्हा विहिरींना पाणी होतं. मालननं सातही विहिरींत वाकून बघितलं. घरी येताना ती हसत म्हणाली, "दिसलं ओ माझं तोंड. सातीत दिसलं." दीड महिन्यानं तिला पाण्याचा तांब्या बघवेना. चौथ्या दिवशी ती गेली.

"मुक्ते," आबारावांनी हाक मारली, "म्या जबडा धरतो. तू घाल हात."

मुक्ताबाई बौद्धवाड्यातली. आबारावांच्या गोठ्याची झाडलोट आणि कुत्र्याचं खाणंपिणं तिच्याकडं होतं. ती जागची हलली नाही.

"आबा, कोंडिबामामा म्हंत्यात ते—"

"तुला कामावर कोंडिबानं ठेवलंय का म्या?"

तिनं हात घातला. पुढं काय झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. मुक्ता मनगट धरून खाली बसली आणि आबाराव अंगठा धोतरात गुंडाळत मागं सरले.

कोंडिबा फाटक ढकलून आत आला. रांजणातलं पाणी त्यानं मुक्ताच्या मनगटावर ओतलं. "साबण आण. घास. झोंबू दे, घास. चल, बार्शीला जाऊ." मालन गेली त्या दिवशी डॉक्टरनं त्याला हे सांगितलं होतं. तेव्हा त्याचा उपयोग नव्हता.

"माझ्या रांजणाला हात लावतोस?" आबाराव ओरडले. "दुष्काळात पाणी सांडतोस? आन ही माझी कामवाली हाय. हिचं काय करायचं ते म्या बघतो. नीघ!"

"तुमचा अंगठा?"

"जीपच्या दारात सापडला. सकाळीच."

मुक्तानं जीपकडं बघितलं. सकाळी जीप धुतली होती तिनंच.

दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन येताना कोंडिबाला थोरल्या विहिरीवर गर्दी दिसली. पाण्याचा टँकर विहिरीच्या कडेला लावला होता. बाया घागरी घेऊन रांगेत होत्या, पण ड्रायव्हर बंडप्पा पाइप विहिरीत सोडून उभा होता.

"काय चाललंय रं, बंडप्पा?"

"काय सांगू, मामा. मुक्ताबाईला सात विहिरी दाखवायच्या. विहिरींना पाणी न्हाय. तोंड कशात बघायचं? आबा म्हणाले, सातीबी विहिरींत टँकरचं पाणी सोड."

कोंडिबानं विहिरीत डोकावलं. ओतलेलं पाणी तळाच्या भेगांत जात होतं. पाइप बंद करून मुक्ताला हाक मारेपर्यंत खाली नुसता ओला डाग उरायचा.

"दिसलं का गं?" सोसायटीचा शिपाई विचारत होता.

"चिखल दिसला," मुक्ता म्हणाली.

"नीट वाक!"

मुक्ता सरळ उभी राहिली. "ह्या विहिरीला पाणी हुतं तवा माझ्या सासूला पायरीवर चढू दिलं न्हाय तुमी. आता कोरडी ठाक पडल्यावर मला वाकायला लावताय व्हय? आन त्या बायांच्या घागरी रिकाम्या ठेवून? आमी न्हाय मानत असलं काय. काम जाईल म्हणून आले हुते. जाऊ दे काम."

कोंडिबानं मेंढरं बंडप्पाच्या भावाच्या हवाली केली. चित्री मागं यायला लागली, तिला हातानं खूण केली. ती मेंढरांपाशी बसली. मुक्ता आणि तो परंड्यापर्यंत चालत गेले, तिथून एसटीनं बार्शीला.

दवाखान्यात सुया टोचायच्या खोलीतून कोणी तरी बोकडासारखं ओरडत होतं. पाठोपाठ कंपाउंडरचा आवाज आला, "अहो चेअरमन, मागल्या साली नातवाला आणलंत, ते पोर चौदा सुया घेऊन एकदा रडलं नाही. तुमची ही पहिलीच!"

कोंडिबानं पडदा सारला. आबाराव बाकावर उताणे पडले होते. सदरा छातीवर, धोतर बेंबीखाली. गॉगल तेवढा जागेवर होता.

"मागल्या साली कवा?" कोंडिबानं विचारलं.

"माघात," कंपाउंडर म्हणाला. "का हो?"

मालनला माघातच चावलं होतं. कुत्रं तेच. त्या दिवशी ते गावभर चावत फिरलं होतं.

कोंडिबाचा हात काठीवर आवळला. बाहेर मुक्ता बाकावर बसली होती, मनगटाला फडकं बांधून. त्यानं काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"कोंडिबा," आबाराव बारीक आवाजात म्हणाले, "गावात बोलू नगं, बाबा. माझी काय किंमत ऱ्हाईल?"

"न्हाय बोलत. पण उद्यापास्नं मुक्ता तुमच्या जीपमधी बसल. म्होरल्या शीटवर. चौदा सुया हुईस्तवर."

"बसू दे, बसू दे."

तेरा दिवस मुक्ता पुढं बसून गेली आणि आली. टायगर मधेच मेला. आबारावांनी 'ऊन बाधलं' म्हणून सांगितलं आणि रोग गावठी कुत्र्यांनीच आणला म्हणून विषाचे लाडू टाकायला लावले. गावातली अकरा कुत्री गेली. चित्रीनं लाडू हुंगला आणि पुढं गेली. मालननं तिला पिल्लू असताना शिकवलं होतं: जर्मलची थाळी तीनदा वाजवून पुढ्यात ठेवल्याशिवाय तोंड लावायचं नाही. त्यासाठी मालन तिला दोन-दोन दिवस उपाशी ठेवायची आणि आपणही जेवायची नाही. मालन गेली तेव्हा ती थाळी वाजवायला कोंडिबाचा हात धजेना आणि कुत्री चार दिवस उपाशी राहिली. पाचव्या दिवशी त्यानं वाजवली.

सुया संपल्या, त्याच आठवड्यात सोसायटीची सभा भरली. आबाराव हार घालून उभे राहिले.

"मंडळी, माझ्या घरची कामकरीण. कुत्रं चावलं. म्या जात बघितली न्हाय, पेट्रोल बघितलं न्हाय. स्वतःच्या जीपमधून चौदा दिवस दवाखान्यात नेली. ह्याला म्हंत्यात सहकार!"

टाळ्या पडल्या. त्या दिवशी ज्यांच्या घागरी रिकाम्या राहिल्या होत्या त्यांनीही वाजवल्या.

मागून मुक्ता उठली. "आबा, सदरा वर करा की जरा."

"आं?"

"माझ्या पोटावर चौदा टोचल्यात. तुमच्याबी मोजू. दावा लोकांला. अंगठा जीपच्या दारात सापडला, तर सुई बेंबीला कशापायी टोचत्यात?"

सभा खदखदून हसली. आबारावांनी कोंडिबाकडं बघितलं. "कोंडिबा, तू सबूद दिलता."

"चौदा हुईस्तवर दिलता. झाल्या चौदा." कोंडिबा उठला. त्याला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, म्हणून लोक गप्प झाले. "मागल्या साली माघात एकाच कुत्र्यानं तुमच्या नातवाला आन माझ्या बायकूला चावलं. त्याला चौदा सुया. माझ्या मालनीला सात विहिरी."

कोणी हसलं नाही. आबाराव हाराची फुलं चिवडत राहिले. कोंडिबा बाहेर आला, चित्री उठून त्याच्या मागं निघाली. घरी त्यानं थाळी तीनदा वाजवली आणि अर्धी भाकरी तिच्यापुढं ठेवली.

गावानं पुढं काय केलं? काही नाही. पुढल्या निवडणुकीत आबाराव बिनविरोध आले. हार घालायला तीच माणसं होती.

एवढंच की आता कुणाला कुत्रं चावलं तर लोक विहिरीकडं जात नाहीत. जखम साबणानं घासतात आणि थेट आबारावांच्या फाटकाशी येऊन जीप मागतात. आबाराव नाही म्हणू लागले की बाहेरून एखादी म्हातारी म्हणते, "आबा, सदरा?"

जीप निघते.