छतावरचे तळे

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझे दिवे गेले. त्या वेळी माझ्याखाली एक बाई झोपलेली होती.

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. इस्पितळाच्या तळघरात, किरणोपचाराच्या खोलीत, मला छताला बसवले आहे. माझ्या पोटात ट्यूब आहेत, पुढे दुधी काच आणि काचेवर सरकवायची रंगीत चित्रे. जांभळ्या फुलांचे शेत, तांबड्या-पिवळ्या पट्ट्यांचे डोंगर, वाळूच्या केशरी टेकड्या, पानगळीतले पिवळेधमक रान आणि बर्फाच्या शिखरांखालचे हिरवेनिळे तळे. जगाच्या कानाकोपऱ्यांतल्या या जागा. त्यातली एकही मी पाहिलेली नाही. ज्यांनी मला जोडले, त्या कामगारांनीही पाहिली नव्हती.

खालच्या खाटेवर माणसाला तसूभरही न हलता पडून राहावे लागते. किरण सुरू करायचे म्हटले की सगळे बाहेर जातात आणि जाड दार लागते. आत उरतात तो रोगी, ते अवजड यंत्र आणि मी. रोग्याचा आवाज तेवढा यंत्रातून बाहेर ऐकू जातो. त्याने माझ्याकडे बघत राहावे, एवढेच माझे काम.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. डॉक्टर पाहुण्यांना मुद्दाम आणून मला दाखवत. यंत्र चालवणारी ताई प्रत्येकाला विचारायची, आज कुठे जायचे? आणि सांगतील ते चित्र सरकवायची. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांनी जांभळे शेत पाहून विचारले होते, एवढी वांगी खाणार कोण? ताई हसू दाबत बाहेर पळाली. पुढे काका यायचे बंद झाले. का, ते मला कळले नाही. छताला कोण कळवतो?

मग मी जुनी झाले. चित्रे सरकवायची खाच अडकली आणि तळे तेवढे कायमचे राहिले. तळ्यावर मेलेली चिलटे साचली. रोज सकाळी यंत्र तपासत, दाराची घंटा तपासत. माझ्याकडे कुणी पाहत नसे. इथली उभी माणसे खाली बघून काम करतात. मी दिसते ती फक्त आडव्या माणसाला.

ही बाई शिवणकाम करायची. तिच्या डोळ्यामागे गाठ होती. गाठ जाळायची आणि नजर राखायची, अशी ती कसरत. सुईत दोरा ओवता आला म्हणजे झाले, दुसरे काही मागणे नाही, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले होते. डोके हलू नये म्हणून तिच्या चेहऱ्यावर कडक जाळी बसवून ती खाटेला अडकवत. जाळीखाली तिचा जीव घाबरा व्हायचा. तळ्याकडे बघत राहा, असे ताईने तिला शिकवले.

गेल्या आठवड्यात माझा चोक बिघडला. तापल्यावर ट्यूब लुकलुकू लागत, पण तोवर दार लागलेले असे. पहिल्याच दिवशी बाई म्हणाली, "ताई, तळं लुकलुकतंय हो."

डोक्याला किरण घेणाऱ्या पुष्कळांना डोळ्यांपुढे चमकल्यासारखे होते. ताईने ते अनेकांकडून ऐकले होते. त्यामुळे तिने मनापासून धीर दिला, "किरणांमुळे होतं असं, मावशी. घाबरायचं नाही." डॉक्टरांनीही मान हलवली. रोज बाई तेच सांगे आणि रोज तिला तोच धीर मिळे. मान वर कुणी केली नाही.

त्या सकाळी मी पुरती विझले. चित्र उठून दिसावे म्हणून खोलीतले दिवे आधीच मालवलेले होते. बाईला वाटले, डोळेच गेले.

"ताई, दिसत नाहीये मला. काहीच दिसत नाहीये."

ती डोके ओढू लागली, जाळी सोडेना. ताईने किरण बंद केले, आत धावली, दिवे लावले, जाळी काढली. बाईने ताईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग ताईने इतक्या दिवसांत पहिल्यांदा वर पाहिले.

"मावशी, वरचे दिवे गेलेत. डोळे नाहीत गेले तुमचे."

बाईने मला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. दोघी हसल्या, मग दोघी रडल्या. बाहेर बसलेली बाईची मुलगी मात्र हसली नाही. आई रोज सांगत होती, तुम्हाला एकदा मान वर करता आली नाही का, असे तिने विचारले.

दुपारी वायरमनने चोक आणि ट्यूब बदलल्या, चिलटे पुसली. ही अडगळ काढूनच टाकू का, असे त्याने विचारले. ताईने नको म्हटले.

आज सकाळी ती स्वतः खाटेवर आडवी झाली आणि मी चांगली तापेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. पडलेले माणूस काही सांगत असेल, तर समजूत घालण्याआधी त्याच्या जागी आडवे होऊन पाहा.

मग बाई आली. तळ्याला तंबी दिली का, असे विचारून हसत झोपली. दार लागले. मी संथ जळत होते, किंचितही लुकलुकले नाही. अर्ध्यावर तिचा आवाज आला, अगदी शांत.

"ताई, अजून लुकलुकतंय."

ताई आत आली. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. मग तिने डॉक्टरांना बोलावले.

बाईला वर डोळ्यांच्या तपासणीला नेले आहे. तिची जाळी फळीवर ठेवली आहे. आता संध्याकाळ झाली. ताई घरी गेलेली नाही. वरून अजून काही कळलेले नाही.