रविवारची स्टील गिटार

चैत्र सरत आला की वर्ध्यात खिडकीखिडकीला कूलर घुमू लागतो, आणि तो अचानक बंद केला की खोलीत जी शांतता उतरते तिला ओल्या वाळ्याचा वास असतो. ताटीवरून पाण्याचे उरलेसुरले थेंब टपकत राहतात, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पिवळी पट्टी येऊन फरशीवर आडवी पडते, आणि त्या पट्टीच्या पलीकडे वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या सुखदेवभाऊंची तर्जनी, तबकडीवरचं गाणं मध्यावर आलं की, देठावरून कळी वर यावी तशी हळूच उठते. ती उठल्यावर एका श्वासाच्या अंतराने स्टील गिटारचा सूर येतो. आधी बोट, मग सूर. हा क्रम आम्ही इतकी वर्षं पाहत आलो की ते बोटच सुराला बोलावून आणतं, अशी माझी जवळजवळ श्रद्धा झाली होती.

सुखदेवभाऊ पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर कालव्यांचे उतार मोजल्यामुळे की काय, त्यांच्या चालण्याला आणि बोलण्याला एक संथ, बेताचा उतार आहे. पाणी कुठे तुंबत नाही आणि कुठे उसळतही नाही. पत्नी गेल्यापासून ते एकटे राहतात. मुलगी पुण्याला. अंगावर खादीचा अर्धा सदरा, खिशात चष्म्याचं घर, आणि मनात, कुणाला सांगून खरं वाटू नये असं, एका जुन्या अमेरिकन चमूचं वेड. कंट्री रॉक म्हणतात त्या संगीताला. म्हणजे बैलगाडीला विजेची मोटर बसवावी आणि तरीही बैलांच्या गळ्यातल्या घंटा तशाच वाजत राहाव्यात, असा काहीसा प्रकार. नागपूरच्या वसतिगृहात असताना सीताबर्डीवरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात त्यांना या चमूची पहिली तबकडी सापडली. त्या धुळकट रस्त्यांच्या, मागे सोडलेल्या गावांच्या गाण्यांत या माणसाला सेलू-हिंगणघाटचा रस्ता दिसला, आणि तो पुढे कधी पुसला गेला नाही.

दर रविवारी दुपारी आम्ही तिघं त्यांच्या बैठकीत जमतो. भाऊ, कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या ज्योत्स्नाताई, आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला मी. तबकड्यांना आम्ही त्यांच्या इंग्रजी नावांनी हाक मारत नाही. मुखपृष्ठावरून एक धुळीवाली, एक घोड्यावाली, आणि चमूतला मूळ गायक रागावून निघून गेल्यावर उरलेल्यांनी काढलेली ती रिकाम्या खुर्चीवाली. आमचा वाद वर्षानुवर्षं एकच: श्रेष्ठ कोणती?

"घोड्यावालीत गाव आहे," भाऊ म्हणत. "खुर्चीवालीत नुसता स्टुडिओ आहे."

"भाऊ, तुमचा जीव गाण्यावर नाईच," ज्योत्स्नाताई उसळत. "गाणारा बिचारा रडून राह्यला, अन् तुम्ही त्या तारेच्या मागं धावून राह्यले!"

"तार रडते ना, म्हणून तर गाणाऱ्याले रडावं लागत नाई."

या वादात माझी भूमिका सीमेवरच्या खेड्यासारखी; जिकडची फौज जोरात, तिकडचा झेंडा. संगीतातलं माझं ज्ञान इतकं सखोल की एकदा मेंडोलिनलाच स्टील गिटार समजून मी बराच वेळ गहिवरून बसलो होतो, आणि ज्योत्स्नाताईंनी रुमाल पुढे करून म्हटलं होतं, "डोळे पुसा मास्तर, तुमची गिटार अजून यायची आहे."

ती खरोखर येते तेव्हा मात्र माझ्यासारख्या मेंडोलिनवाल्यानेही ओळखायला चुकू नये. मांडीसमोर आडवी ठेवून वाजवायची ही गिटार. तारांवरून पोलादी कांब घसरते आणि सूर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारत नाही, वाहत जातो, आपल्या मींडेसारखा. घोड्यावालीच्या मागच्या बाजूला एक गाणं आहे. त्यात एक माणूस रेल्वे फाटकाशी थांबून गाडी जाऊ देतो आणि मग लक्षात येतं की त्याला त्याच गाडीने जायचं होतं. त्या गाण्याच्या मध्यावर ही गिटार इतक्या उंच, इतक्या बारीक सुरात येते की उन्हात कोळ्याच्या जाळ्याचा एकच धागा चमकावा आणि मान हलवताच नाहीसा व्हावा. तो धागा मला भाऊंच्या बोटाने दाखवला. स्वतःहून तो मला कधीही ऐकू आला नसता.

आमच्या बैठकीचा एकच कडक नियम: तबकडी सुरू असताना कूलर बंद. वर्ध्याच्या उन्हाळ्यात हा नियम पाळणं म्हणजे पंचाग्निसाधनच, पण भाऊंपुढे दयामाया नव्हती. कूलरचं बटण माझ्या खुर्चीमागे, म्हणून ही सेवा माझ्याकडे. आणि ज्या कामात चुकायला मुळीच वाव नाही, अशीच कामं माझ्या हातून चुकतात.

अशाच एका रविवारी मी फाटकाच्या गाण्यावर सुई टेकवली आणि ऐटीत खुर्चीत येऊन बसलो. कूलर मागे गिरणीसारखा गर्जत होता. माझ्या ध्यानात आलं तेव्हा दोन कडवी होऊन गेली होती. मी जीभ चावली, मान खाली घातली आणि भाऊंच्या "मास्तर, घरी जाजो आता" या वाक्याची वाट पाहू लागलो. ते आलं नाही. वर पाहिलं तर भाऊ डोळे मिटून, चेहऱ्यावर तीच तृप्ती घेऊन बसलेले, आणि त्या घरघराटात, जिथे मला गायकही धड ऐकू येत नव्हता, त्यांची तर्जनी शांतपणे वर गेली. अचूक जागी.

ज्योत्स्नाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मागे नेऊन कूलर बंद केला; भाऊंना तेही कळलं नाही.

भीती एकदा घरात शिरली की जुन्या वस्तूंनाही नवे अर्थ चिकटतात. भाऊ हल्ली मुलीचा फोन "रेंज नाई इथं" म्हणून उचलत नाहीत. रस्त्यात मागून हाक मारली तर एखाद्या संताच्या शांततेने पुढे चालत राहतात. बोलणाऱ्याच्या ओठांकडे इतक्या आपुलकीने पाहतात की आपण फार मोलाचं बोलतोय असा मला भ्रम व्हायचा. माझ्या आयुष्यात मला एवढं लक्षपूर्वक दुसऱ्या कुणीच ऐकलेलं नाही. आणि आता कळत होतं की बहुधा त्यांनीही ऐकलेलं नव्हतं.

मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. पाठीमागे उभा राहून कुजबुजलो, "भाऊ, चहा घेता का?" आतून ज्योत्स्नाताई ओरडल्या, "मला अर्धा!" मग स्टीलचा चमचा फरशीवर टाकला. भाऊ न वळता म्हणाले, "चमचे काऊन फेकून राह्यला बे?" मी आनंदाने नाचायच्या बेतात होतो, तेवढ्यात समोरच्या कपाटाच्या काचेत मला माझंच प्रतिबिंब दिसलं, हात हवेत, तोंड उघडं. त्यांनी मला पाहिलं होतं.

"सरळ सांगा ना त्यांना," निघताना ज्योत्स्नाताई अंगणाच्या फाटकाशी म्हणाल्या.

"काय सांगू? तुम्हाला ऐकू येत नाई म्हणू? अन् त्यांनी 'काय म्हणतो?' असं विचारलं तर?"

त्या हसल्या नाहीत. 

शेवटी मी माझ्या स्वभावाला साजेसा मार्ग काढला; खोटं बोललो. माझ्याच कानात घंटा वाजतात, सावंगीच्या दवाखान्यात एकटं जायची भीती वाटते, सोबत या, म्हटलं. भाऊ लगेच निघाले. ऑटोत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता आणि मोठ्याने धीर देत होते, इतक्या मोठ्याने की ऑटोवाल्यालाही धीर आला असावा.

कानाच्या तपासणीची खोली म्हणजे काचेची एक लहानशी पेटी. आत बसायचं, कानांवर यंत्र, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी चिंतेने इतका भरलेला होतो की बसताक्षणी दाबू लागलो. बाहेर यंत्रापाशी बसलेल्या, तपासणी करणाऱ्या तरुण मुलीने दार उघडलं. "काका, मी अजून सुरूच नाई केलं."

भाऊ पोट धरून हसले. "सरक मास्तर. तुले आवाज नसताना ऐकू येते. मी दाखवतो."

आणि ते स्वतःहून आत जाऊन बसले.

माझा डाव साधला होता, आणि डाव साधल्याचा मला इतका पश्चात्ताप कधीच झाला नव्हता. काचेपलीकडे भाऊ डोळे मिटून बसले. त्या मुलीचा हात यंत्रावर फिरू लागला. सुरुवातीला, जाड आवाज चांगलेच मोठे केल्यावर, भाऊंचा अंगठा हलला. मग ती वरच्या सुरांकडे सरकली, आणि अंगठा थांबला. ती आवाज वाढवत होती, थांबत होती, पुन्हा वाढवत होती. आणि भाऊंच्या चेहऱ्यावर ती रविवारची, माझ्या पाठ झालेली, सूर यायच्या आधीची प्रसन्न एकाग्रता तशीच होती. ते वाट पाहत होते. येईलच, या खात्रीने. गिरडच्या टेकडीवरून पश्चिमेकडे पाहताना उतार जसा आधी संथ आणि मग एकाएकी खोल जातो, तशी एक रेष त्या मुलीपुढच्या कागदावर उतरत गेली.

"बारीक सूर यांना येत नाहीत," ती मला म्हणाली. "हे आत्ताचं नाई काका. बरीच वर्षं झाली असतील."

बरीच वर्षं. मी त्या काचेला हात टेकवून उभा राहिलो. म्हणजे तो उन्हातला धागा त्यांना दिसतच नव्हता. आमच्या शाबूत कानांना दरवेळी जागा दाखवणारं ते बोट, ज्योत्स्नाताईंच्या मुद्द्यांना बारकाव्यांनिशी खोडून काढणारा तो रसिक, तबकडीकडून नव्हे, स्वतःच्या आतून ऐकत होता. वसतिगृहातल्या कुठल्याशा संध्याकाळी जे एकदा खोल मुरलं, त्यातून रविवारी ओंजळ ओंजळ काढून आम्हाला पाजत होता.

बाहेर आल्यावर भाऊंनी कागद पाहिला. कालव्यांचे नकाशे वाचणाऱ्याला उतार समजावून सांगावा लागत नाही. त्याची नीट घडी घालून तो चष्म्याच्या घराशेजारी खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुया कानात घंटा नव्हत्याच ना?"

"नाई भाऊ."

"मले वाटलंच. तुया तोंडाकडे पाहून राह्यलो होतो मी." आणि थोडं थांबून, "मशीन लावलं तर ते गिटारचं येईल काय गा?"

त्या मुलीने होकार दिला. सगळं नाही, पण येईल. भाऊ खूश व्हायला हवे होते. पण मशीन मिळेपर्यंतच्या दिवसांत मी त्यांना इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. सकाळी माझ्याकडे येऊन बसत, भलतंच बोलत, उठून जात. सूर न येण्याची भीती माणूस सहन करतो. येण्याची भीती कुणाला सांगायची?

मशीन आल्यानंतरच्या रविवारी बाहेर गुलमोहर नुसता पेटलेला होता. भाऊंच्या कानांमागे ती दोन इवलीशी यंत्रं, भिजलेल्या चिमण्यांसारखी बिलगलेली. ज्योत्स्नाताईंनी त्या दिवशी खुर्चीवालीचं नावही काढलं नाही. स्वतःच घोड्यावाली काढून, पदराने पुसून माझ्या हातात दिली. मी सुई टेकवली. फाटक आलं, गाडी आली, माणूस थांबला. मी भाऊंच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत होतो. तो हलला नाही. आणि मग ती आली, उंच, बारीक, चमकती, या खोलीत इतक्या वर्षांनी प्रथमच आम्हा तिघांसाठी मिळून. आली, वाकली, आणि निघून गेली.

भाऊंनी डोळे उघडले. आधी ज्योत्स्नाताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परक्या स्टेशनवर उतरलेला माणूस पाटी शोधतो तसं.

"हेच काय ते?"

ज्योत्स्नाताईंनी मान हलवली. "हेच, भाऊ. हेच होतं."

"लहान वाटते," ते पुटपुटले. "मले वाटे, खूप वेळ चालते ते." मग खुर्चीच्या हातांवर तळवे दाबून जरा सावरून बसले. "परत लावजो मास्तर."

मी परत लावलं. त्यानंतरही लावलं. ते कान देऊन, कपाळाला आठी घालून, एखाद्या परक्या झालेल्या ओळखीशी नव्याने सोयरीक जुळवावी तसे ऐकत राहिले, आणि मी सुई उचलता-टेकवता एवढंच समजत गेलो की निघून गेलेल्या गोष्टीच्या जागी आठवण मुकाट्याने वाढत राहते, आणि काळाच्या कृपेने ती गोष्ट कधी परत आलीच, तर तिला पाय टेकवायला तिथे जागा उरलेली नसते.