ताण्याची जागा

रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. उपस्थित सभासद बारा. मिरजेच्या भर वस्तीत वीस वर्षे बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या जागेवर आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची तीन मजली इमारत व्हायची होती. माझ्या नकाशावर सर्वांच्या सह्या हव्या होत्या. अकरा झाल्या. घोंगड्या विणणाऱ्या हरणाबाईंनी पेन घेतले नाही.

“आवं सायेब, ताण्याचं काय?”

मी ‘ताणाचं’ ऐकले. कोयनानगरला तेहतीस वर्षे भूकंपात टिकणारी घरे बांधणाऱ्याला दुसरे काय ऐकू येणार? तुळईवर ताण किती येतो, सळई तो कसा पेलते, हे मी पाच मिनिटे समजावले.

एसटीचे निवृत्त चालक तानाजी हसले. “सायेब, तुमचा ताण लोखंडात. मावशीचा ताणा लोकरीचा.”

मग उलगडा झाला. विणण्याआधी लोकरीचे धागे सरळ ताणून बांधतात, त्यांना चिंचोक्याची खळ लावून उन्हात वाळवतात. हरणाबाईंना त्यासाठी सलग चाळीस फूट लागत. माझ्या नकाशात प्रत्येक मजल्याची दक्षिणेकडची मार्गिका छप्पन्न फुटांची, पण मधोमध आठ फुटांचा जिना. दोन्ही बाजूंना चोवीस-चोवीसच उरत. म्हणजे घर मिळाले तरी माग सुटणार होता.

जिना टोकाला नेता येईल, असे मी सांगितले. टोकाला जोडलेला जिना भूकंपात इमारत पिळतो. म्हणून तो स्वतंत्र उभारून मध्ये तीन इंचांची फट ठेवायची. तेवढे मला येते. अडचण निराळी होती. सोडतीत तानाजींना पहिल्या मजल्यावरचे शेवटचे घर आले होते आणि त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. नव्या जिन्यापासून त्या मजल्यावर त्यांचेच दार सर्वांत लांब, अठ्ठेचाळीस फुटांवर पडणार होते.

त्याच मजल्यावरचे पहिले घर हरणाबाईंचे होते.

“माझं घर त्यास्नी द्या, त्यांचं मला,” त्या म्हणाल्या. “जतपातूर मेंढरांमागं चाललेली बाई मी. अठ्ठेचाळीस फुटांचं काय सांगताय?”

तानाजींनी खळीच्या वासाबद्दल थोडी कुरकुर केली, आठवड्यातून दोनच सकाळी ताणा घालायचा असे कबूल करून घेतले आणि घरांची अदलाबदल मान्य केली.

पुढच्या रविवारी मी सुधारित नकाशा मांडला. हरणाबाईंनी मार्गिकेवर बोट टोकापासून टोकापर्यंत फिरवले. ते कुठे अडले नाही. पहिली सही त्यांनी केली.

सह्या : बारापैकी बारा.