सातव्या प्रयोगाचं उत्तर

वेन्नेलाची रेकॉर्डवही तिसऱ्यांदा परत आली. सातव्या प्रयोगावर दामोदर सरांची लाल रेघ आणि खाली शेरा: 'आउटपुट चूक. पुन्हा लिही.'

चूक तिची नव्हती, म्हणूनच ती जळफळत होती. तेलंगणात करीमनगरपलीकडच्या त्या मुलींच्या पॉलिटेक्निकात जावा प्रोग्रामिंगसाठी सरांनी स्वतः लिहिलेलं मॅन्युअल चालायचं. सातवा प्रयोग असा: विद्यार्थी नावाचा क्लास लिहा, त्यातून एक ऑब्जेक्ट बनवा, त्याचं नाव आणि वय छापा. खाली छापील उत्तर, 'रमेश, १९'. सहा वर्षं मुली सुवाच्य अक्षरात प्रोग्राम उतरवत होत्या आणि उत्तरही पुस्तकातूनच उतरवत होत्या. तो चालवून बघायची बुद्धी एकीलाही झाली नाही. वेन्नेलाने चालवला, तर पडद्यावर आलं 'नल, ०'. नल म्हणजे रिकामं. नाव नाही, वय नाही. तिने वहीत तेच लिहिलं.

"रमेश एकोणीस लिही आणि मोकळी हो ना," तिची मैत्रीण अखिला म्हणाली. "उद्या प्रॅक्टिकल. सहीशिवाय आत घेत नाहीत. वर्ष गेलं तर आत्याचा पोरगा, तुझा बावा, बाशिंग बांधून तयारच आहे कोरुट्ल्यात."

ही थट्टा नव्हती. वर्ष बुडालं तर शिक्षण बंद आणि लग्न, असं नान्नांनी, तिच्या वडिलांनी, आत्याला कबूल केलं होतं.

"खोटं लिहू?"

"सगळ्याच लिहितात."

"सगळ्या लिहितात म्हणून तर रमेश सहा वर्षं एकोणीसचाच राहिलाय! जा, लॅबमध्ये स्वतः चालवून बघ."

असं म्हणून ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर वह्यांच्या ढिगाआड सह्या करत बसले होते.

"काय गं अम्मा, लिहिलंस?"

"नाही सर. मॅन्युअलच चुकलंय."

सरांचा पेन थांबला. "वीस वर्षं शिकवतोय मी. त्या पुस्तकावर माझं नाव आहे."

"मग एकदा चालवून बघा."

चिडून सरांनी मॅन्युअल समोर ठेवलं आणि ओळ न ओळ टेबलावरच्या संगणकावर स्वतः टाइप केली. पडद्यावर आलं 'नल, ०'.

"व्हर्शन बिघडलं असेल," सर पुटपुटले.

"सर, रेशन कार्डाचा कोरा फॉर्म म्हणजे क्लास, आणि माणसाचं भरलेलं कार्ड म्हणजे ऑब्जेक्ट. कन्स्ट्रक्टर म्हणजे ते भरून देणारा कारकून. तिथे तुम्ही लिहिलंय, 'नाव इज इक्वल टू नाव'. दोन्हीकडे बाहेरून आलेलंच नाव. कारकुनाने नाव ऐकलं, स्वतःशीच म्हटलं, कार्डावर लिहिलंच नाही. 'धिस डॉट नाव', म्हणजे 'या कार्डाचं नाव', म्हटलं की ते कार्डावर उतरतं."

तिने दोन ओळींत 'धिस' घातलं. 'रमेश, १९' आलं.

सरांचा चेहरा खुलला. "आलं की नाही? आता हेच लिही. मी सही करतो."

एवढं लिहिलं की सुटका होती.

"मी दोन्ही लिहीन सर. आधी पुस्तकातला प्रोग्राम आणि त्याचं खरं उत्तर. मग दुरुस्ती."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर परीक्षकांना दारातच सांगेन, मला आत का घेत नाहीत ते."

"धमकी देतेस मला?"

"तुम्हीच शिकवलंत सर, प्रयोग करून बघावा. मी करून बघितला."

सरांनी ढिगाकडे पाहिलं. ढिगातल्या चाळीस वह्यांमध्ये 'रमेश, १९'खाली त्यांच्याच सह्या होत्या. मग आवाज उतरवून म्हणाले, "बरं, दोन्ही लिही. सही करतो. पण हे बाहेर बोलायचं नाही. माझी लाज काढू नकोस."

तिला त्यांची कीव आली, आणि त्या किवेचा रागही आला. तिने तिथेच उभ्याने दोन्ही उत्तरं लिहिली आणि वही पुढे केली.

"हे कबूल नाही करता येणार सर. पुढच्या वर्षीच्या मुलींनीही खोटंच लिहायचं का?"

सरांनी पेन खाली ठेवला. तेवढ्यात शेजारच्या लॅबमधून अखिलाची किंकाळी आली, "अय्यो, मलापण नल आलं गं!" आणि मागोमाग दुसरी, तिसरी, "मलापण!"

आता बाहेर न बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सरांनी पेन उचलला आणि सही केली. वेन्नेलाने वही घेतली. आभार मात्र मानले नाहीत.