एक मांडणी, तीन घरं

मी मांडणी बोलतेय. ओकच्या लाकडाची, सुट्या सुट्या खणांची. हवे तसे रचा, हवे तसे उतरवा. वय साठीच्या पुढे, म्हणजे ओकच्या हिशेबानं ऐन मध्यमवय. या वयात थोडी थाप मारायची मुभा असते, ती मी घेणार आहे.

फ्यून या डॅनिश बेटावरच्या होल्गर सुतारानं मला घडवलं. कोपऱ्यांचे दात त्यानं एकमेकांत असे बसवले की खिळ्याला कुणी विचारलंच नाही. सगळे खण एका मापाचे. "प्रत्येकाला एकट्यानं उभं राहता आलं पाहिजे," तो म्हणायचा, "आणि शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावूनही बसता आलं पाहिजे."

फोबोर्ग बंदरातल्या आस्ता आणि दित्लेव या मास्तर जोडप्यानं माझा पहिला खण घेतला. मग लग्नाच्या दर वाढदिवसाला एकेक.

"लोक बायकोला फुलं आणतात," आस्ता म्हणायची.

"फुलांत बशा ठेवता येतात का?" दित्लेवचं ठरलेलं उत्तर.

अशी मी कोपऱ्यातून खिडकीपर्यंत वाढले. पुढे माझ्यावर इतकी पुस्तकं चढली की सगळं गाव आमच्या बाजूला कलंडलं आणि एक मासेमारी बोट घरंगळत आमच्या दाराशी आली. बोटवाले नाही म्हणतात. म्हणोत बापडे.

कॉफीला येणारा पाहुणा आधी माझ्या कडेवरून हात फिरवायचा, मग यजमानांकडे बघायचा. इथली माणसं माणसांपेक्षा लाकडाशी लवकर मोकळी होतात. वसंत आला की आस्ता मला साबणाच्या पाण्यानं अंघोळ घालायची. तिच्या त्या ओल्या फडक्याचे उपकार मी विसरणार नाही.

मग दित्लेव गेला. आस्ताचे गुडघे जिने चढेनात. नाताळच्या जेवणात प्रेबेन, तिचा मुलगा, म्हणाला, "आई, घर विकू या." त्यावर विबेकेनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, बीटाच्या लोणच्याचं अख्खं भांडं त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उपडं केलं. दोघांचं बोलणं तिथंच संपलं.

घर विकायला शेवटी आस्ताच तयार झाली. म्हाताऱ्या माणसांसाठीच्या घरात तिला एक खोलीही मिळाली. मला पुसता पुसता ती म्हणाली, "घर जाऊ दे गं. पण ही दोघं बोललीच नाहीत, तर मी कुठल्या जिवानं निघू?"

सामान आवरायच्या दिवशी विबेके पुस्तकं उतरवत होती. दारातून प्रेबेन आला. आता इकडची रीत अशी, की कुणी भेटलं की आधी मागच्या भेटीचे आभार मानायचे. तोंड आपोआप चालतं, डोकं मागून येतं.

"मागच्या भेटीबद्दल आभार," प्रेबेन बोलून गेला.

विबेकेच्या हातातलं पुस्तक हातातच राहिलं. "कुठल्या रे? बीटवाल्या?"

"...डाग अजून गेला नाहीये."

"मिठाच्या पाण्यात भिजवायचा असतो, गाढवा."

"फोन करून सांगायचंस मग."

"उचलला असतास?"

"नसता."

आस्ताला असं हसू फुटलं, की तिनं मला धरलं म्हणून ती पडली नाही.

पण माझ्यापाशी येऊन गाडं पुन्हा अडलं. "तू घे सगळी," "नको, तूच घे, आईची मांडणी मोडली हे मला ऐकायचं नाहीये." या दोघांची आदबसुद्धा भांडणासारखीच. थाप नाही, खरंच सांगते, मी घाबरले होते.

"मोडायचं काय त्यात?" आस्ता म्हणाली. "सुटी होते म्हणून तर घेतली होती. तो वरचा खण माझा. उतरवा."

माझा रिकामा खणही एकट्याला आवरत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात. दुपारभर ती दोघं मला उतरवत होती. "तुझ्याकडून उचल." "बोट सांभाळ." "हळू गं, म्हशी." मी सुटी होत गेले आणि खोली बोलती होत गेली. खिळा न मारल्याबद्दल होल्गरचे किती आभार मानू?

आता मी तीन घरांत राहते. विबेकेकडे माझ्यात लोकर असते. ऑर्हूसला प्रेबेनकडे पाचव्या मजल्यावर मी समुद्र बघते. आस्ताच्या उशाशी माझा एकच खण, त्यात डॉक्टरांनी बंद केलेल्या ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्या. मी कुणाला सांगत नाही.

आज रविवारी विबेके प्रेबेनकडे आली आणि कोट न काढताच म्हणाली, "मांडणीची खालची बैठक उलटी लावलीयेस."

"मग लाव सुलटी."

सगळी पुस्तकं खाली आली, दोघं पुन्हा माझ्या दोन टोकांना. मी सुलटी होईतो मटणाचे गोळे गार झाले होते. ते तसेच खाल्ले. मग विबेकेनं आईला फोन लावला. "प्रेबेनकडेच आहे. आज इथंच राहते. ...हो, बोलतोय आम्ही. ओरडतोयसुद्धा."

तिकडे आस्तानं फोन माझ्यावर ठेवला, एक खारट गोळी तोंडात टाकली आणि सूर्य चांगला वर असताना निश्चिंत होऊन पांघरूण ओढून घेतलं.

एवढंच मागणं आहे, मला पुसायला साबणाचं पाणी घेऊन कुणी तिच्याकडे आलात, तर आवाज न करता या. ती झोपलीय.