सातची

"हात वर कर," तोंडातल्या टाचण्या न काढताच शिंपीण म्हणाली, आणि आमदारांनी मुकाट्याने दोन्ही हात वर केले. उजव्या हातात घडी घातलेला कागद होता. तोही वर गेला.

"अगं, शरण आल्यासारखी काय उभी राहतेस? थोडे खाली. हं, अस्से."

अख्खा मतदारसंघ तिला ताई म्हणायचा, तिच्याहून वीस वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. शिंपीण तेवढी म्हणत नसे. दोघी चौथीपासून एका बाकावर बसलेल्या. गणिताच्या पेपरात कुणी कुणाचं बघून लिहिलं, यावर त्यांचं अजून एकमत व्हायचं होतं.

शिंपिणीने टेप छातीभोवतून फिरवला, आकडा पाहिला आणि वहीत टिपला.

"किती?"

"सरकारी गुपित आहे. प्रत्येक अधिवेशनाहून येताना दोन बोटं वाढून येतेस. काम काय करता देव जाणे, पण जेवायला घालतात चांगलं."

ती हे सगळं उजव्या हाताने करत होती. डावा हात नुसता सोबतीला. त्या हाताच्या कोपराखाली एक शीर दोरीसारखी फुगून वर आली होती. मूत्रपिंडं बंद पडल्याला तीन वर्षं झाली होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार ती मोठ्या शहरातल्या इस्पितळात यंत्रावर त्या शिरेतून रक्त स्वच्छ करून घ्यायला जाई. "धुणं टाकून येते," असं शेजारणीला सांगून दुकानाला कुलूप लावी. तिची पाळी आठ ते बारा. दोन महिन्यांपूर्वी सकाळची बस बंद झाली आणि साडेनऊच्या बसवर यायची वेळ आली. ती पोचेपर्यंत साडेदहा वाजत, आणि बाराच्या ठोक्याला पुढचा माणूस यंत्रापाशी येऊन उभा राही. त्याचीही चूक नव्हती. चार तासांचं धुणं दीड तासात कितीसं निघणार? आज ती अनवाणीच दुकानात वावरत होती. पावलं सुजून कशातच मावत नव्हती.

"वाच आता," शिंपीण म्हणाली. "माप घ्यायला कान लागत नाहीत."

ताईने कागद उघडला. सभागृहात तिने विचारलेल्या प्रश्नाचं ते सरकारी उत्तर होतं. चष्मा नाकावर सरकवला. सभागृहात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, इथे तो जेमतेम शिंपिणीपर्यंत पोचला.

"सदर मार्गावरील सकाळी सात वाजता सुटणारी बस बंद करण्यात आली आहे, हे खरे आहे काय? उत्तर, हे खरे नाही. असल्यास, त्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? प्रश्न उद्भवत नाही. असल्यास, ती पूर्ववत सुरू करण्याबाबत कोणती कार्यवाही केली? प्रश्न उद्भवत नाही."

"उद्भवत नाही म्हणजे?"

"म्हणजे पहिलंच खरं नाही म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप गळतं."

"आणि पहिलं खरं कसं नाही? मी काय तीन वर्षं उडत गेले?"

ताईने चष्मा काढला.

"सात वाजता सुटणारी बस त्यांच्या वेळापत्रकात कधी नव्हतीच. ती सहा चाळीसला सुटायची. आपल्या चौकात सातला यायची."

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या.

"सातची," ती म्हणाली.

"सातची," ताई म्हणाली.

गावात त्या बसला दुसरं नावच नव्हतं. दोघींच्या आया त्याच नावाने त्यांना उठवायच्या. सातची गेली तरी लोळतेस. सातचीने आलेलं पत्र. फलाण्याची पोर सातचीने पळाली. ती सुटते कुठून आणि किती वाजता, हे कुणाला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आपल्या चौकात येते ती वेळ तिची.

ताईच्या कार्यालयातल्या म्हाताऱ्या लेखनिकाला सगळे कानामात्रा म्हणत. त्याच्या हाताखालून अशुद्ध अक्षर जात नसे. या प्रश्नातली वेलांटी अन् वेलांटी त्याने तपासली होती. वेळ तपासली नव्हती. तोही त्याच चौकात लहानाचा मोठा झालेला.

"पुढच्या अधिवेशनात दुरुस्त करून विचारते," ताई म्हणाली. "सहा चाळीसची म्हणून."

"कधी असतं ते?"

"चार महिन्यांनी."

शिंपिणीने कापडावर खडूने एक रेघ ओढली. मग ती पुसली आणि बोटभर अलीकडे पुन्हा ओढली.

"जाकिटाला आतून एक खिसा ठेवते," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी काही विचारायचं असलं, तर आधी मला विचारून विचार."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

कार्यालयात बाकावर नेहमीची मंडळी बसली होती. एकाच्या गल्लीतला दिवा, एकीच्या दारापुढचं तुंबलेलं गटार, एका मास्तरांची बदली. ताईने सगळ्यांचं ऐकलं, तीन पत्रांवर सह्या केल्या, दोन फोन केले. गटाराचं काम तर पाच मिनिटांत झालं. मग तिने दार लोटून घेतलं आणि बस आगाराच्या प्रमुखाला फोन लावला.

"बोला ताई."

"साहेब, ती सातची. म्हणजे सहा चाळीसची. मधेच कुठे अडकलीय तेवढं सांगा. वरती कुणाशी बोलायचं ते मी बोलते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार लावल्याचाही.

"तुम्ही आहात म्हणून सांगतो, ताई. ती सुरू करणारच होतो. चालक कमी होते म्हणून दोन महिने थांबवली होती. दोन नवीन चालक आले. या एक तारखेपासून लावणार होतो. वरच्या कागदाची गरजही नव्हती, माझ्या सहीने भागलं असतं."

"मग लावा की."

"मधे तुमचा प्रश्न आला ना. वरून विचारणा झाली, सात वाजता सुटणारी बस होती का. आम्ही कळवलं, नव्हती. खोटं काही लिहिलं नाही. आता मंत्रीसाहेबांनी सभागृहात सांगितलंय की बस बंद झालेलीच नाही. उद्या मी ती पूर्ववत केली, तर कुणी विचारेल, बंद नव्हती तर पूर्ववत काय केलं? माझी नोकरी राहू द्या, साहेबांचं उत्तर खोटं पडेल."

"नवीन बस म्हणून सोडा."

"नवीन म्हटलं की पाहणी आली, मंजुरी आली. आठ-दहा महिने धरा." तो भला माणूस होता. त्याची आई शिंपिणीच्या त्याच इस्पितळात वारली होती. "ताई, तुम्ही विचारलं नसतं तर..."

पुढचं त्याने गिळलं. तिनेही त्याला ते बोलायला लावलं नाही.

फोन ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. मंत्र्यांना भेटता आलं असतं. ते वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला असता, मुलांची चौकशी केली असती आणि लेखी द्या म्हणाले असते. लेखी तर तिने दिलंच होतं.

कानामात्राने दार किलकिलं केलं. तीन दिवस त्याने मान वर करून कुणाशी बोलणं टाकलं होतं.

"काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले."

त्याला इतकं हायसं वाटलेलं दिसलं, की तिने लगेच दुसरा कागद पुढे ओढला.

सगळे गेल्यावर तिने शिंपिणीला फोन केला. "उद्या गुरुवार ना? सातला चौकात थांब. गाडी घेऊन येते. मीही येईन शहरापर्यंत."

"मिरवणूक काढतेस होय माझी?"

"काढते."

"बरं. बाजा नको पण."

तासाभराचा रस्ता होता. त्या तासात ती सगळं सांगून टाकणार होती. एक तारखेचं, नव्या चालकांचं, आपल्या प्रश्नाचं. भाषणाआधी करायची तशी तिने वाक्यं जुळवून ठेवली. पहिलंच वाक्य चार वेळा बदललं.

सकाळी धुकं होतं. चौकातला दिवा अजून जळत होता. गाडी वळली आणि दिव्याखाली शिंपीण दिसली. तिच्याशेजारी आणखी तिघं उभी होती. स्वेटर घातलेली एक तरुण बाई, काठी टेकलेला एक म्हातारा आणि बेकरीवाला, ज्याच्याकडून ताई रोज पाव घेत असे. त्याने बाही खाली ओढून घेतली. पण ताईला दिसायचं ते दिसलं. तशीच फुगलेली शीर.

"हे माझे धुण्याचे सोबती," गाडीच्या काचेशी वाकून शिंपीण म्हणाली. "काल रात्रीच कळवलं यांना. चालेल ना गं?"

"चालेल की," ताई म्हणाली. "न चालायला काय झालं."

प्रश्नात तिने "रुग्णांची गैरसोय" असं लिहिलं होतं खरं. पण लिहिताना तिच्या डोळ्यांपुढे एकच बाई होती.

चालकाने आरशातून पाहिलं. "ताई, एक पुढे, तीन मागे. पाच नाही व्हायचे."

चौघांपैकी कुणीच पुढे होईना. बेकरीवाला म्हणाला, माझं काय, मी साडेनऊने येतो. तरुण बाई म्हणाली, मला परवा चाललं तरी चालेल. म्हाताऱ्याने फक्त काठी या हातातून त्या हातात घेतली.

ताई दार उघडून खाली उतरली.

"बसा सगळे. मला इथे काम आहे."

"चौकात?" शिंपिणीने विचारलं.

"चौकातच."

शिंपीण तिच्याकडे बघत राहिली. मग पुढच्या सीटवर बसली आणि काच खाली केली.

"तुला काही सांगायचं होतं का?"

"संध्याकाळी सांगते."

"शनिवारी?"

शनिवारी ताईचा दौरा होता. तीन गावं, दोन बैठका. गाडी लागणार होती.

"तेही संध्याकाळी सांगते," ती म्हणाली, आणि चालकाला निघायची खूण केली.

गाडीचे लाल दिवे धुक्यात गेले. घर पाच मिनिटांवर होतं. पण ताई थांब्याच्या खांबापाशी उभी राहिली. खांबावरच्या पत्र्याची अक्षरं कधीच पुसली गेली होती. वेळेचा रकाना तर अगदी कोरा होता.

समोरच्या गल्लीतून एक म्हातारेबुवा जड पिशवी सावरत, जवळजवळ धावतच आले. तोंड मफलरमध्ये गुंडाळलेलं. त्यांनी तिला ओळखलं नाही, तिनेही त्यांना ओळखलं नाही. श्वास जरा खाली बसल्यावर त्यांनी विचारलं,

"तीन महिने लेकीकडे होतो, घड्याळाची सवयच मोडली. सातची गेली का हो, बाई?"

ताईने तोंड उघडलं. बंद झाली म्हणावं, तर सरकारी कागदावर तसं नव्हतं. येईल म्हणावं, तर ती येणार नाही हे तिला माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "गेली नाही."

"नशीब माझं," म्हातारेबुवा म्हणाले. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि तिच्या मागे रांगेत उभे राहिले.