वीतभर वरून

पेन्सिल — आखूड, मागच्या टोकाला चावलेली — चिमटीत होती खरी, पण आहे असं वाटत नव्हतं. सकाळपासून एकोणीस घरं लिहून कडूबाची बोटं पार बधिर झाली होती. विसावं घर तानाबाईचं. तिच्या मांडीवर गोधडी, त्याच्या मांडीवर समाजशास्त्राची प्रश्नावली. उंद्री त्याचंच गाव, म्हणून कॉलेजच्या सरांनी इथलंच काम दिलेलं — 'जातिभेद मोडायचा तर आधी नीट मोजा. मात्र अभ्यासकानं स्वतः बाहेर राहायचं.' एकोणीस घरं तो बाहेर राहिला होता. बरं चाललं होतं. काहीच वाटत नव्हतं.

"देवळात भेदभाव होत असे का?"

"देवळात जाऊ कुठं देत होते बे?" तानाबाई हसली. "कीर्तनाले निंबाखाली बसो आमी. बुवा लय गोड गाये. धम्म घेतल्यापासून मी कीर्तनाले येत नाही, पन त्याचं गानं कानातून जात नाही मेलं! मंग बुक्का ये. तुमच्या कपायाले बोट लागे, आमच्या हातावर वरून पडे."

"टाकणारा कोण?" रकानाच होता तसा. एकोणीस ठिकाणी त्यानं 'गावकरी' लिहिलं होतं.

"वा रे वा! वाटी कोनाच्या हाती राहे, तुले ठावं नाही?"

चांदीची वाटी... सप्ताह बाबा भरवत, म्हणून लहानपणी वाटी आपल्या हातात. बुवा सांगत, सगळ्यांच्या ठायी एकच विठ्ठल, आणि ते खरं मानून, अगदी खरं मानून, भरल्या डोळ्यांनी आपण पायऱ्या उतरायचो, नि निंबाखाली हात उंच धरायचो — वीतभर. उंची कुणी शिकवली नव्हती. आणि मन तर तेव्हाही कसं तुडुंब असायचं...

"लिही ना," तानाबाई म्हणाली, रागानं नव्हे. "कडूबा उत्तमराव. पोरगं गुणाचं होतं म्हना. बुक्का कधी सांडू नाही दिला."

लिहावं, तर बाबांचं नाव कॉलेजात वाचलं जाणार, वर सर म्हणणार, हा अभ्यास नव्हे. न लिहावं, तर एकोणीस घरं खोटी. तिनं गोधडीत सुई खुपसून ठेवली नि वाट पाहू लागली.

त्यानं मान खाली घातली. पेन्सिल कागदाला टेकलीच नव्हती. रिकाम्या रकान्यावर हात थांबला होता — वीतभर वर. आणि सकाळपासून पहिल्यांदाच चिमटीतून मुंग्या चढू लागल्या, मनगटापर्यंत, कोपरापर्यंत...